ढालीला वीज कुठून येते

अंगावर येणाऱ्या क्षेपणास्त्रापेक्षा ते अडवणाऱ्या ढालीला वीज कुठून मिळते, याची जास्त काळजी करणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. हे आमचे दाजी. चेन्नईत त्यांची उमेदीची वर्षं गेली. तमिळ ते कारखान्यात बोलत, मराठी जेवताना, आणि उरलेला वेळ जपानी ॲनिमे कार्टूनमधल्या अजस्र यंत्रमानवांच्या ढालींचा विचार करण्यात जाई. मी ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा दर रविवारी पोरूरला त्यांच्या घरी जेवायला जायचो. जेवण ताईच्या हातचं असे, म्हणून व्याख्यान सहन व्हायचं.

दाजींचं म्हणणं असं, की यंत्रमानवाच्या छातीत भट्टी एकच असते. तीच त्याचे पाय उचलते, तीच तोफ डागते आणि तीच अंगाभोवती तो निळसर पडदा उभा करते. म्हणजे ढाल चढवली की चाल मंदावलीच पाहिजे. आतून गोळी झाडायची तर ढालीला क्षणभर भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर गोळी स्वतःच्याच पडद्यावर आपटायची. एकदा टीव्हीवर एका यंत्रमानवाने पूर्ण ढाल चढवून धावत तोफ डागली, तेव्हा दाजी भरल्या ताटावरून उठले. "लबाड आहेत हे," म्हणाले. "सगळं एकदम मिळतं असं पोरांना शिकवतात." ताईने ताटावर झाकण ठेवलं आणि मला म्हणाली, "स्थळ आलं तेव्हा सांगितलं होतं, मुलाला कसलंही व्यसन नाही." महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांना 'यंत्रयुग आणि आपण' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ढाल अखंड का नसावी, षटकोनी तुकड्यांची का असावी, हे दाखवायला त्यांनी महाप्रसादाचे पापड चमच्याने एकेक करून फोडले. पुढच्या वर्षी मंडळाने त्यांना पंगतीतही लांब बसवलं.

याच माणसाकडे इरुंगाट्टुकोट्टैच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात प्रेस मशीनची देखभाल होती. पत्रा दाबणारी ती अवाढव्य यंत्रं. प्रत्येकाच्या तोंडाशी दोन खांब आणि त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. त्यात हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. दाजी त्या पडद्याच्या काचा स्वतःच्या रुमालाने पुसत. सुरक्षा सप्ताहात त्यांच्या घोषवाक्याला पहिलं बक्षीस मिळालं. कारखान्याच्या मॅनेजरने त्यांना शाल घातली, टाळ्या वाजवल्या, आणि नंतर केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तो जुन्या प्रेसचा पडदा उगाच मशीन थांबवतो. बंद करता येईल ना?"

पडदा उगाच थांबवत नव्हता. त्याची वायर झिजली होती आणि नवी मागवायला कुणाला सवड नव्हती. दाजी नाही म्हणाले. मॅनेजरने समजावलं, मग दरडावलं. दाजींचं उत्तर एकच, "वायर येईपर्यंत प्रेस बंद ठेवा." शेवटी त्यांची बदली स्टोअरमध्ये झाली, नट-बोल्ट मोजायला, आणि दुसऱ्या कुणीतरी मुकाट्याने पडदा बंद केला. माल वेळेवर जाऊ लागला. सगळे खूश होते.

मग त्या प्रेसने एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची बोटं घेतली. माणूस शांत होता, तिरुवळ्ळूरकडचा, दाजींना 'सार' म्हणायचा. चौकशी बसली. ऑपरेटरचं लक्ष नव्हतं, असं ठरवायचं आधीच ठरलं होतं. दाजींना कुणी बोलावलं नव्हतं. ते स्टोअरला कुलूप लावून चौकशीच्या खोलीत गेले आणि पडदा कुणाच्या सांगण्यावरून बंद झाला ते नाव घेऊन बोलले. त्यामुळे ऑपरेटरवरचा ठपका टळला, थोडी भरपाई मिळाली. मॅनेजरला पुण्याच्या शाखेत बढती मिळाली. दाजींना राजीनामा द्यायला सांगितलं गेलं, तेही इतक्या गोड शब्दांत की ताईला आधी वाटलं, सत्कारच आहे.

"तुम्ही गप्प बसला असतात तर?" ताईने त्या दिवशी विचारलं. भांडायला नव्हे, खरंच जाणून घ्यायला.

"मी आधीच जास्त बोलायला हवं होतं," दाजी म्हणाले. "बदली झाली तेव्हा मी निमूट स्टोअरमध्ये जाऊन बसलो."

त्यानंतर दाजींनी यंत्रमानव पाहणं सोडलं. आता ते एका खाजगी आयटीआयमध्ये शिकवतात. तिथली पोरं त्यांना रटाळ मास्तर म्हणतात. मला राग येतो. ज्यांना लाज वाटायला हवी ते पुण्यात मजेत आहेत.

तो ऑपरेटर हल्ली जवळच्याच एका सोसायटीत वॉचमन आहे. कधीमधी रविवारी बायकोला घेऊन येतो, ताईसाठी मोगऱ्याचा गजरा आणतो. दोघा पुरुषांचं फारसं बोलणं होत नाही. गेल्या खेपेला ताईने कॉफी आणली, कढत, स्टीलच्या पेल्यात. दाजींनी त्याचा पेला आपल्याकडे ओढला, कॉफी वाटीत ओतली, परत पेल्यात घेतली, असं बराच वेळ वरखाली करत राहिले. तो संकोचून म्हणाला, "नको सार, मी धरतो." दाजींनी पेल्याला हात लावून पाहिला आणि आणखी एकदा ओतली.