दोघांपुरती भाजी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात खिचडीचा चमचा होता. मी अर्जुनी मोरगावला प्राथमिक शाळेत शिकवते. पोरांच्या ताटात पडण्याआधी खिचडीची चव एका शिक्षकानं घ्यायची असते आणि त्या दिवशी पाळी माझी होती. फोन भाच्याचा, निलेशचा. तो रायपूरला नोकरी करतो, रस्त्यातूनच बोलत होता. "मावशी, बाबा गेले..." ऑफिसला निघताना खुर्चीवर बसून बूट घालत होते, तसेच कलंडले म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. खिचडी शिजवणाऱ्या बाई समोर उभ्या. "मॅडम, मीठ बराबर आहे न?" मी नुसती मान हलवली. चव कसली अन् काय. डोक्यात पहिला विचार आला तो असा, की शनिवारी फुलचूरला लग्न आहे, तिथली भाजी आता कोण करणार? माणूस गेल्याचं कळल्यावर आधी भाजी आठवावी, हे कोणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील. पण वामनरावांना ज्यांनी ओळखलं, त्यातल्या निम्म्या लोकांना तरी त्या सकाळी हेच आठवलं असणार.

वामनराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकुताईचे यजमान. गोंदियाला पाटबंधारे खात्यात कारकून होते, वर्षअखेरीस निवृत्त व्हायचे होते. ऑफिसात ते कसे होते मला ठाऊक नाही, बहुतेक जेमतेमच असावेत. त्यांचा जीव रमायचा तो चुलीपाशी. कोणाचं लग्न, बारसं, भागवत सप्ताहाचा महाप्रसाद, तेरवी, काहीही असो, बोलावणं आलं की हे सुटी टाकून निघाले. पैसा कधी घेतला नाही. नारळ आणि दुपट्टा दिला की खूश. वांग्या-आलूची भाजी त्यांच्या हातची. आमच्याकडे लग्न चांगलं झालं की नाही हे वांग्याच्या भाजीवरनं ठरतं, आणि ज्या लग्नात वामनभाऊ कढईशी उभे, त्या लग्नाला नावं ठेवायची सोय नसे. स्वतःची मोठी लोखंडी कढई होती त्यांची. गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरच्या घरी अंगणात पालथी घातलेली असायची. तिच्यावर बसून ताई पापड वाळवताना कावळे हाकायची.

मी त्यांना चुलीपाशी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात. ताईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, म्हणजे अगदी नवे कोरे जावई. आमच्या घरी जावयानं पाण्याचा पेला स्वतः उचलला तरी माझी आई कानकोंडी व्हायची. आणि हे महाशय सदऱ्याच्या बाह्या वर सारून मांडवामागं, आचाऱ्याच्या हातातला सराटा, म्हणजे मोठं उलथनं, काढून घेऊन उभे. आमच्या बाबांना कोणीतरी जाऊन सांगितलं. बाबा धावत आले, चेहरा लालबुंद. "जावईबापू, हे का करून राहिले? लोक का म्हणतीन?" भाऊजींनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मामाजी, लोक जेवल्यावर म्हणतीन. आता भाजी बुडाले लागून राहिली." बाबांनी त्या दिवशी भाजी मागून मागून खाल्ली आणि जावयावरचा राग मात्र पुढं कितीतरी दिवस सोडला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. मला तर हा माणूस तिथंच आवडून गेला.

त्यांचा आनंद बघण्यासारखा असायचा, हे कबूल केलंच पाहिजे. भाजी उतरली की ते स्वतः जेवायचे नाहीत. घाम पुसत पंगतीच्या टोकाशी जाऊन उभे राहायचे आणि लोकांची तोंडं पाहायचे. पहिला घास तोंडात गेला, कोणाची तरी मान आपसूक डोलली, की झालं. मग गालातल्या गालात हसत परत चुलीकडे. आम्ही सगळे आनंद शोधत कुठं कुठं फिरतो, कोणी तीर्थाला जातो, कोणी मॉलला जातो. त्यांना एक डोलणारी मान पुरायची. मी त्यांना चिडवायची, "भाऊजी, तुम्ही माणसं जेवू घालता का परीक्षा घेता?" ते म्हणायचे, "तू पोरायची घेतं, मी त्यायच्या बापाची घेतो."

आता दुसरी बाजू. ती मी लिहिणार आहे, कारण गेलेल्या माणसाबद्दल फक्त गोड लिहायचं हे मला जमत नाही आणि भाऊजींनाही ते आवडलं नसतं, ते भाजीत गूळ घालणाऱ्यांतले नव्हते. ज्या माणसानं गावंच्या गावं जेवू घातली, त्यानं घरी कधी चहाचं आधण ठेवलं नाही. पाणी हातात लागायचं, ताट समोर लागायचं. आणि त्यांच्या त्या मोठ्या कामात ताई असायचीच. भल्या सकाळी वांगी चिरायला ताई, मसाला वाटायला ताई, शेवटी भांडी मोजून घरी आणायला ताई. पंगत आधी पाहुण्यांची, मग गावातल्या माणसांची, मग पोरासोरांची. बायका सगळ्यात शेवटी. तोवर भाजीत पाणी घालून घालून ती वाढवलेली, बुडाची, निवलेली. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या संसारात माझ्या बहिणीनं नवऱ्याच्या हातची ती नावाजलेली भाजी ताजी, गरम अशी एकदाही खाल्ली नव्हती. हे ती रडून सांगायची नाही. हसत सांगायची, म्हणून जास्त लागायचं.

गेल्या वर्षी दिवाळीत मी त्यांच्याकडे होते. वर्तमानपत्राच्या पुरवणीत निवृत्तीवर लेख आला होता. छंद जोपासा, लहान लहान गोष्टींत सुख शोधा, वगैरे. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. भाऊजी म्हणाले, "हे तं मी करूनच राहिलो." तेव्हा ताई, सुपातले तांदूळ निवडत, मान खालीच ठेवून बोलली. "तुमी रिटायर झाले का मले एक दिवस आधी बसवा. तुमी करा, तुमी वाढा. गरम. मी अन् तुमी, दोघंच." एवढंच मागितलं बिचारीनं. दागिना नाही, यात्रा नाही. भाऊजी जरा चपापले. मग म्हणाले, "अवो, दोघायचा अंदाज मले येत नाही. पाचशे पानं सांग, आता करतो."

मी काही सोडणाऱ्यातली नाही. म्हटलं, आजच करा, तिघांची करा, मीही बसते. भाऊजी इरेला पेटले आणि उठले. स्वयंपाकघरात गेले तर त्यांना माचिस कुठं असते ते ठाऊक नाही, लायटर आहे हेही ठाऊक नाही. छोटी कढई हातात धरून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. मीठ घालायची सवय मुठीनं. चमचा घ्या म्हटलं तर म्हणे चमच्यानं मले समजत नाही. एवढ्याशा भांड्यात सराटा फिरेना, वांगी एकीकडं करपली, आलू दुसरीकडं कच्चे. शेवटी स्वतःच चव घेतली आणि कढई तशीच उचलून मागच्या लिंबाच्या बुडाशी ओतून आले. ताई हातात ताट घेऊन बसलेली होती. ती उठली आणि पिठलं टाकलं. आम्ही दोघी हसून हसून लोळलो, भाऊजी मात्र हसले नाहीत. जेवताना म्हणाले, "रिटायर झालो का शिकतो. पहिल्याच दिवशी. पक्कं." ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला एकदम त्या दोघांमध्ये आपण बसायला नको होतं असं वाटलं.

पण ते वर्ष चांगलं नव्हतं. बोलावणी कमी होत चालली होती. फुलचूरकडे एकामागून एक लग्नाचे लॉन झाले, तिथं केटरर सगळं करतो, चायनीजपासून पाणीपुरीपर्यंत. लोक आता वामनभाऊंना पत्रिका द्यायचे, जेवायला या म्हणायचे. ते जायचे. मी एकदा पाहिलं, बुफेच्या रांगेत रिकामी प्लेट धरून उभे होते, आणि डोळे मात्र मागं, कनातीच्या फटीतून भट्टीकडे. प्लेटमध्ये काय घेतलं, काय नाही, कुणास ठाऊक. घरी आले की चिडचिड. टीव्हीचा आवाज मोठा का, पंखा हळू का. ऑफिसातलेही आता "साहेब, तुमचे किती दिवस राहिले" एवढंच विचारायचे. एक दिवस ताईनं मला फोनवर सांगितलं, काल म्हणत होते, ऑफिस गेलं, चूल गेली, मंग मी कोठी जाऊ? "मंग तू काय म्हटलं?" मी विचारलं. ताई म्हणाली, "मी म्हटलं, घरी या न." आणि मग? मग ते गप्प बसले म्हणे... बराच वेळ. त्या गप्प बसण्याचा अर्थ काय होता, ते शिकणार होते की नव्हते, हे आता कोणाला विचारायचं? मला राग येतो त्यांचा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. येतो तर येतो.

तेरवीला निलेशनं केटरर सांगितला होता. पोराचं चुकलं नाही, एकटा किती बघणार? पण सकाळीच सुखदेव आला. सुखदेव शिंपी, भाऊजींचा चुलीवरचा उजवा हात. सोबत वॉर्डातली चार-पाच जुनी माणसं, सगळी साठीच्या पुढची. सुखदेव अंगणातूनच बोलला, "निलेश, तुह्या बापाच्या तेरवीले लोकायले उभ्यानं जेवाले लावतं का?" निलेश काही बोलायच्या आत त्यांनी कढई सरळ केली, घासली, विटा मांडल्या. केटररकडे फक्त भात आणि बुंदी ठेवली. वांग्या-आलूची भाजी सुखदेवनं स्वतः केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं की कशाचं ते कोणी विचारलं नाही. वास घरभर पसरला, तसे आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. अगदी तोच वास. जणू मांडवामागं ते उभेच आहेत आणि आता बाह्या खाली करत येतील.

नैवेद्याचं पान काढून झालं आणि सुखदेव दुसरं पान वाढून घेऊन थेट आत आला, ताई भिंतीला टेकून बसली होती तिथं. "पयलं पान वहिनीचं," म्हणाला. भाजीतून वाफ निघत होती. दारात माणसं जमली. ताईनं एक घास घेतला. सावकाश चावला. सुखदेव समोर उकिडवा बसलेला, भाऊजी पंगतीच्या टोकाशी उभे राहून पाहायचे अगदी तसा तिच्या तोंडाकडे बघत. "वहिनी, झाली न वामनभाऊसारखी?" मागून कोणीतरी म्हणालं, हो हो, तशीच आहे, वासावरनंच कळते. ताईनं घास गिळला आणि वर पाहिलं.

"मले का मालूम?" ती म्हणाली. "त्यायच्या हातची गरम मी कधी खाल्ली?"

दारातली माणसं हळूहळू मागं सरली. सुखदेवनं टोपी काढून तिनं तोंड पुसलं. ताईनं पान पुरतं संपवलं, आणखी भाजी मागितली, तीही खाल्ली. मी तिच्याजवळ बसले होते. तिला रडू आलं नाही, मला आलं.

आता बरेच आठवडे झाले. मी सुटीच्या दिवशी गाडीनं गोंदियाला येते, ताईकडे राहते. ऑफिसचे बूट निलेशनं कोणाला तरी देऊन टाकले, सदरे वाटले, कढई मात्र ताईनं दिली नाही. मागायला लोक येतात. लॉनचा खर्च न झेपणारे, भागवत बसवणारे. ताई नाही म्हणत नाही. म्हणते, न्या, पण एक अट आहे, या कढईतली भाजी उतरली का पहिली पंगत बायकायची बसली पाहिजे. भागवतवाले हसले. एक जण म्हणाला, "वहिनी, पाहुणे उपाशी ठेवून बायका आधी बसवता का?" ताई म्हणाली, "मंग दुसरीकडून न्या." ते गेले, दुसरीकडून नेली असेल. त्यानंतर दोघं-तिघं येऊन गेले, तेही तसेच परतले. मागच्या रविवारी सुखदेव आला होता. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं आहे, अंगणातच करायचं आहे. अट ऐकली तसा त्यानं कढईच्या कडेवरून एकदा हात फिरवला. तेरवीच्या दिवशी पहिलं पान तिला देणारा हाच माणूस. मला वाटलं, हा तर हो म्हणणारच.

"घरी विचारतो, वहिनी," म्हणाला, आणि गेला. अजून आला नाही.