ज्वारीच्या धाटांची चेतासंस्था

बिदरच्या मैलूर भागातल्या नलिनीबाई विज्ञानाची पदवी घेऊन ठाणाकुशनूरच्या मराठी शाळेत रुजू झाल्या. मानवी चेतासंस्थेचा एक तक्ता मिळावा, ही विनंती त्या शिक्षण खात्याकडे दरवर्षी करीत आणि खाते ती दरवर्षी विसरे. राज्याची सीमा आखताना ज्यांनी कमालीची तत्परता दाखवली, त्यांना सीमेवरच्या शाळेसाठी एक रंगीत कागद धाडायला सवड मिळू नये, याला काय म्हणावे? बाई मात्र स्वभावाने हसऱ्या. म्हणायच्या, "तक्ता नाही तर नाही, चेतासंस्था तर प्रत्येकाने घरूनच आणलीय!"

त्या वर्षी मात्र हसून भागणार नव्हते. आठवीचा वर्ग गावाला एका वर्षाच्या बोलीवर मिळाला होता. तपासणी अधिकारी शिवशंकरप्पा येणार होते. विज्ञान नीट शिकवले जाते असे त्यांना पटले, तरच वर्ग राहणार. नाहीतर आठवीसाठी तालुक्याचे औराद गाठायचे. मुलगे सायकली हाणत गेले असते, पण मुलींची शाळा तिथेच संपली असती.

संक्रांतीनंतरच्या एका सकाळी शाळेत येताना बाईंना बांधावर मुळासकट उपटलेले ज्वारीचे धाट दिसले आणि त्या जागच्या जागी थबकल्या. चहूकडून निरोप गोळा करणाऱ्या वृक्षिका म्हणजे ही मुळे! मुळांवरचा गड्डा म्हणजे पेशीकाय. त्यात चिंचोका खोचला की झाले केंद्रक. लांब दांडा तो अक्षतंतू, आणि त्याच्यावर पेरापेराला खंडित होणारे पानांचे वेष्टन म्हणजे हुबेहूब मायलिनचे आवरण. टोकाला कणीस, निरोप पुढे देणारे. बाई एकट्याच मोठ्याने हसल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी आठवीच्या वर्गाने मैदानात दोन पायांच्या दोन रांगा मांडल्या. फाटकाशी पायाचा अंगठा, लिंबाखाली मेंदू, मध्ये प्रत्येक रांगेत तीन-तीन धाटे. मुलांनी सवयीने एकाचे कणीस पुढच्याच्या मुळांना दोरीने करकचून बांधले.

"सोडा त्या दोऱ्या," बाई म्हणाल्या. "चेतापेशी एकमेकींना चिकटत नाहीत. मध्ये बारीक फट असते."

"मग निरोप पलीकडं जातो कसा, बाई?" विमलने विचारले.

"फटीशी रसायन सुटतं. इथे कणसातला एक दाणा पलीकडच्या मुळांवर टाकायचा."

दुसऱ्या दिवशी बाई मैदानात आल्या, तेव्हा चांगुणाबाईंची शेळी डाव्या पायात उभी राहून शांतपणे रवंथ करीत होती. मुळे, दांडे, कणसे शाबूत होती. त्या रांगेची पाने मात्र साफ झाली होती.

"चांगुणाक्का, तुमच्या शेळीनं चेतासंस्था खाल्ली हो!"

"असलं कायबी खात न्हाई ती," चांगुणाबाई कानाला धरून शेळी ओढत म्हणाल्या. "कडबा खाल्लाय. अन् तुमी तर कडबा शाळेत कामून मांडलाव?"

तेवढ्यात जीप थांबली. शिवशंकरप्पांनी रांगा न्याहाळल्या. कपाळाला आठी.

"बाई, ही एक रांग उघडी का?"

आठवीच्या मुली एकटक त्यांच्याकडे पाहत होत्या. बाईंनी उघड्या दांड्यांकडे पाहिले, मग शेजारच्या झाकलेल्यांकडे, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"साहेब, उघडी रांग शेळीची कृपा आहे. पण फरक पाहायचा असेल तर आपण मेंदू व्हा. लिंबाखाली उभे राहा."

साहेब बुचकळ्यात पडून उभे राहिले. फाटकाशी विमल आणि शकू बसल्या.

"अंगठ्यात काटा मोडलाय! विमल, तुझ्या धाटाला आवरण आहे. बोट फक्त पेरावर टेकव, मधलं ओलांड. शकू, तुझं उघडं. बोटाला बोट लावत सगळा दांडा मोज."

विमलचे बोट उड्या मारत सुटले. फट आली, दाणा उडाला, पुढचे धाट, पुन्हा दाणा. शकूचे बोट मुंगीसारखे सरकत होते.

"आगं पळ की शके, पाय सडंल त्याचा तवर!" मुले किंचाळली.

शेवटचा दाणा पायावर पडताच शिवशंकरप्पांनी पाय झटक्यात वर उचलला आणि खच्चून ओरडले, "अय्यय्यो!" सारे मैदान हसत सुटले. ते स्वतः लिंबाला टेकून डोळे पुसत हसत होते. शकू अजून दुसऱ्याच धाटावर होती.

"आवरण का असतं, हे मी या पोरींना विचारायच्या आतच मला कळलं," ते म्हणाले. "आठवी इथेच राहील. पुढच्या वर्षी नववीचं मागा."

नववीही मिळाली. तक्ता मात्र बाई निवृत्त व्हायच्या वर्षी आला, कोपऱ्यात फाटलेला. पण त्या दुपारी तो कुणाला हवा होता? जीप दिसेनाशी झाल्यावर मुलींनी उजवा पायही उचलला आणि सगळा शेळीपुढे टाकला.

"खा गं," विमल म्हणाली, "तुज्यामुळं शाळा ऱ्हायली."