छिन्नीनं उघडलेला रसगुल्ल्यांचा डबा

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बाबा कारखान्यात फिटर. रिटायर झाले तरी हत्यारांची पेटी पलंगाखालीच. चावी हरवलेलं कुलूप असो की घट्ट बसलेली बरणी, घरातली अडलेली वस्तू बाबांनीच उघडायची. त्यामुळे डबे कापायचं कटर जबलपूरच्या अधारतालमधल्या आमच्या घरात कधी आलंच नाही.

मला पाहायला नागपूरचे पाहुणे आले ते रसगुल्ल्यांचा पत्र्याचा डबा घेऊन. मुलगा मला पसंत होता. त्याचे वडील रिटायर प्राध्यापक. "आत्ताच उघडा," म्हणाले. बाबांनी डबा फरशीवर ठेवला, पेटीतून छिन्नी काढली आणि हातोडी उचलली.

"हे काय करून राहिले हो? कटर नाही का घरात?" प्राध्यापक हसले. "भेडाघाटचा दगड समजले का?"

बाबांचा हात थांबला. ते छिन्नी परत पेटीत ठेवायला वळले. मला वाटलं, आज ती ठेवली, तर या माणसांच्या घरी बाबा जन्मभर खुर्चीच्या कडेवर बसतील. तसं लग्न मला नको होतं.

"काका, डबा आधी आला," मी म्हटलं. "कटर यायला पन्नासेक वर्षं लागली."

"काहीतरीच. मग लोक खायचे कसे?"

"बाबांसारखे. डब्यावरच छापलेलं असायचं, छिन्नी-हातोडीनं काठाजवळून कापा. पत्रा जाड होता तेव्हा. पातळ झाल्यावर कटर निघालं."

हे मी परीक्षेच्या दिवसांत, अभ्यास सोडून, कॉलेजच्या लायब्ररीत वाचलं होतं. बाबा आठवून एकटीच हसले होते.

प्राध्यापक विचारात पडले. "पन्नास वर्षं कोणाला सुचलंच नाही?"

"काहून सुचेल जी?" बाबा म्हणाले. "घरोघरी फिटर असतील."

सगळ्यात जोरात प्राध्यापकच हसले. मग बाह्या सरसावून खाली बसले. "द्या इकडं." पहिला घाव घसरला, दुसऱ्याला पाक थेट शर्टावर.

"एवढा जोर नाही लावायचा. सरळ धरा, थोडं थोडं फिरवा," बाबांनी त्यांचा हात धरून दाखवलं. आई वाट्या घेऊन उभीच. दोघांनी मिळून अख्खा काठ कापला, तेव्हा कुठं आम्हाला रसगुल्ले मिळाले.

लग्नाला तीन वर्षं झाली. सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात दोन कटर आहेत. तरी जबलपूरला निघालो, की ते एक डबा बंदच ठेवतात, आणि जुना शर्ट घालून सोबत येतात.