बायको बसली की एसी बंद

बँकेत एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. चेकवरची सही आणि बँकेकडे ठेवलेली नमुना सही शेजारी शेजारी धरायच्या आणि दोन्ही एकाच हाताच्या आहेत की नाहीत ते सांगायचं. खिशात कायम भिंग असे, म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. निवृत्तीच्या दिवशी भिंग त्यांनी टेबलावर ठेवलं, पण नजर घरी घेऊन आले. इस्त्रीचे कपडे आले की आधी शर्टाच्या गुंड्या मोजायच्या. दूधवाल्याची पिशवी उजेडात धरून बघायची. बायको म्हणायची, "अहो, इतका संशय घेऊन जेवण पचतं तरी कसं तुम्हाला?"

त्या उन्हाळ्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नंतर आठवड्यातून तीन दिवस व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाऊण तासाच्या वाटेवर. गाडी घरची होती, त्यामुळे प्रश्न नव्हता. प्रश्न निर्माण केला एसीने.

निघताना हवा छान गार यायची. अर्धी वाट सरली की गार हवा हळूहळू कोमट व्हायची आणि मग नुसता पंखा घोंघावत राहायचा. दवाखान्याबाहेर तासभर गाडी उभी राहिली की परत निघताना पुन्हा गार. आणि घर जवळ येईपर्यंत पुन्हा कोमट.

भिंगवाले दुसऱ्याच दिवशी नेहमीच्या मिस्त्रीकडे गेले. गॅरेज घरापासून पाच मिनिटांवर. मिस्त्रीने एसी लावला, हाताचा तळवा जाळीसमोर धरला. "साहेब, बर्फ पडतोय की इथे."

"काल पडत नव्हता."

"आज पडतोय ना? मग काय उघडून बघू?"

गाडी घरी आणली. पुढच्या फेरीला तोच प्रकार. पुन्हा मिस्त्रीकडे, पुन्हा बर्फ. असं चार वेळा झालं आणि भिंगवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. आपण पुन्हा पुन्हा यावं म्हणून हा माणूस काही करून तर ठेवत नाही? त्यांनी एसीचा गॅस भरायच्या झाकणावर बायकोच्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला. झाकण कोणी फिरवलं तर ठिपका मोडणार. पाचव्या खेपेला मिस्त्रीने बॉनेट उघडलं, ठिपका पाहिला, आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "हे काय लावलंय?"

"खूण आहे," भिंगवाले म्हणाले. "तुमच्याकडे आली की चालते, घरी गेली की बिघडते. ही जादू मला समजून घ्यायची आहे."

मिस्त्रीने बॉनेट बंद केलं, किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. "दुसरीकडे दाखवा, साहेब. बावीस वर्षं तुमच्या गाड्या बघतोय. चोर मी नाही."

दुसऱ्या गॅरेजवाल्याने गॅस काढून नवा भरला. ठिपका मोडला तो तेव्हा. दोन दिवसांनी एसी पुन्हा तसाच.

आता भिंगवाल्यांनी वही काढली. तारीख, वार, जाताना कुठे, गाडीत कोण, एसी चालला की नाही. पंधरा दिवसांत जे दिसलं त्याने ते हादरलेच. एकटे भाजीला गेले, एसी चालला. एकटे वाचनालयात गेले, चालला. एकटे बँकेत पेन्शनच्या कागदासाठी गेले, चालला. बंद पडला तो फक्त बायको शेजारी असताना, आणि दर वेळी.

बायकोला एसी आवडत नाही, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. "अंगावर वारा येतो," ती म्हणायची. मग बटण दाबत असेल का, आपलं लक्ष रस्त्यावर असताना? पण बटणाचा दिवा तर लागलेला असतो. मग दुसरीकडून काही? त्यांनी बटणाभोवती पेन्सिलने रेघ मारली. तिची पर्स कुठे ठेवलेली असते ते बघायला लागले. गाडी चालवताना एक डोळा समोर, एक डोळा तिच्या हातांवर.

एका दुपारी सिग्नलला थांबले असताना हवा कोमट झाली, आणि नेमका त्याच क्षणी तिचा हात पुढे गेला. भिंगवाल्यांनी खसकन तिचं मनगट धरलं.

"काय करतेस?"

तिच्या दुसऱ्या हाताने समोरचा कप्पा उघडला होता. आतला रुमाल हवा होता तिला, मानेवरचा घाम टिपायला.

"हात सोडा," ती हळू म्हणाली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. घरी आल्यावर टेबलावरची वही तिने उघडली, 'सौ. सोबत : बंद' असं नऊ वेळा लिहिलेलं वाचलं आणि मिटून ठेवली. "पुढच्या खेपेपासून मी बसने जाईन."

"त्या गुडघ्याने?"

"माझा गुडघा आहे. तो माझ्याविषयी वही लिहीत नाही."

आणि खरंच ती बसने गेली. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. भिंगवाले खिडकीतून बघत राहिले. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटण्याच्या मागोमाग दुसरा विचार आलाच. इतक्या तडफेने बसने जाते, म्हणजे दवाखान्यातच जाते ना? की मुलीकडे जाऊन बसते आपली गाऱ्हाणी सांगत?

तिसऱ्या खेपेला त्यांनी गाडी काढली आणि बसच्या मागे लावली.

बस दर थांब्याला थांबायची, तेही थांबायचे. बसच्या मागच्या काचेतून बायकोचा अंबाडा दिसत होता. ऊन रणरणत होतं, पण गाडीत गार होतं, आणि भिंगवाले मनाशी म्हणाले, बघा, एकटा आहे तर चालतोय. मोठा पूल ओलांडला. बाजार मागे पडला. आणि दवाखाना तीन थांबे दूर असताना चेहऱ्यावरची हवा कोमट झाली.

त्यांनी शेजारच्या सीटकडे बघितलं. सीट रिकामी. बटणाचा दिवा लागलेला, पेन्सिलची रेघ जागच्या जागी. नुसता पंखा घोंघावत होता. त्यांच्या पाठीला घाम फुटला, आणि तो सगळाच उकाड्याचा नव्हता.

बस दवाखान्याशी थांबली. बायको एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय असं करत उतरली, वळली आणि थेट गाडीपाशी आली. तिने काचेवर टकटक केली. तिने त्यांना दुसऱ्या थांब्यापासूनच पाहिलं होतं. भिंगवाल्यांनी काच खाली केली. आतली गरम हवा तिच्या तोंडावर गेली.

"बंद पडला?"

"हो."

"आणि मी तर बसमध्ये होते."

भिंगवाल्यांचा हात किल्लीकडे गेला. ती म्हणाली, "इंजिन बंद करू नका. मी आत जाऊन येते. मग असेच तापलेले मिस्त्रीकडे चला. गार झाल्यावर गेलात तर पुन्हा तो खोटा आणि तुम्ही खरे."

तासभर भिंगवाले तापलेल्या गाडीत घाम पुसत बसले.

मिस्त्रीने गाडी ओळखली आणि पाठ फिरवली. भिंगवाले उतरले. गॅरेजात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच ते म्हणाले, "मिस्त्री, मी तुम्हाला नको ते बोललो. चूक माझी आहे. एसी आत्ता बंद आहे, एवढं बघा."

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. मग बॉनेट उघडलं. "किती वेळ चालल्यावर बंद पडतो?"

भिंगवाल्यांनी वहीची पानं आठवून पाहिली. कोण बसलं, कुठे गेलो, सगळं वहीत होतं. गाडी किती वेळ चालली, हे कुठेच नव्हतं.

"अर्ध्या तासाने," मागच्या सीटवरून बायको म्हणाली. "दर वेळी."

"मग वहिनी, हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर!" मिस्त्रीने बोटाने दाखवलं. "ही कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती. एसी लावला की आतलं चुंबक तिला ओढून घेतं, तेव्हा कॉम्प्रेसर फिरतो. आत्ता बघा, पट्टा फिरतोय, चकती थांबलेली." त्याने लांब लाकडी दांडा घेतला, त्यांना मागे सरायला सांगितलं आणि चकतीला हलकेच ढोसलं. टक्! चकती चिकटली, गरगरा फिरू लागली. "हात धरा जाळीसमोर."

गार हवा.

झिजून झिजून चकती आणि चुंबक यांच्यात फट वाढली होती. थंड असताना चुंबक कसंबसं ओढून घेई, तापलं की त्याचा जोर सरे. म्हणून पाच मिनिटांवरच्या गॅरेजात बर्फ, भाजी, वाचनालय, बँक अशा जवळच्या फेऱ्यांत गारवा, आणि पाऊण तासाच्या वाटेवर उकाडा. मिस्त्रीने इंजिन थंड होऊ दिलं, नट काढून चकतीमागचा कागदासारखा पातळ वॉशर बाहेर काढला, म्हणजे फट कमी झाली, आणि सगळं पुन्हा बसवलं. त्या उन्हाळ्यात एसी पुन्हा बंद पडला नाही.

बायको मात्र त्यानंतर दवाखान्याला गाडीने जायला तयार होईना. रागाने म्हणावं तर तसंही नव्हतं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, बसची पायरी चढणं हाच चांगला व्यायाम आहे. भिंगवाले दर वेळी तिच्याबरोबर थांब्यापर्यंत चालत जायला लागले. सुरुवातीला नुसते शेजारी उभे राहायचे. एकदा बस वीस मिनिटं उशिरा आली, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. पहिल्या दिवशी पायरी केवढी उंच वाटली होती, एका अनोळखी बाईने मागून आधार कसा दिला होता, आणि ती बाई आता दर वेळी तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवते.

कोण बाई, कुठली, कशाला जागा धरते, असे तीन प्रश्न भिंगवाल्यांच्या जिभेवर आले होते.

"चांगली दिसते बाई," ते म्हणाले.

बस आली. बायकोने काठी त्यांच्या हातात दिली, दांडा धरला, आणि काठीशिवाय वर चढली.