तिघींत एक फोन

मशीनखाली कातरण कसं साठतं, बसल्या जागी कळत नाही. झाडायला घेतलं की पोतं भरतं. आमच्या शेडमधल्या फोनच्या गोष्टी तशाच साठल्या. मांडवगणला आम्ही तिघी शाळेचे गणवेश शिवतो: मी, सुलू आणि शमीम. काम देणाऱ्या आप्पांनी मापं बघायला तिघींत एकच फोन दिलाय. एकीनं त्यात काही शोधलं की बाकीच्या दोघींना कळतंच. आधी आम्ही हसायचो. शमीमचं कळल्यापासून मला त्या फोनची भीती वाटते.

*

त्यातला ब्राउजर उघडला की रोज विचारतो, मलाच कायमचा ठेवणार का? खाली दोनच बटणं. ‘होय’ आणि ‘नंतर’.

सुलू म्हणाली, “आन् नको कुठं दाबायचं?”

“ते ठेवलंच न्हाई.”

“मंग हे इचारणं न्हाई, अक्का. हा उंबऱ्यात येऊन बसलाय.”

आम्ही रोज ‘नंतर’ दाबतो. तो रोज येतो.

*

बाकी कुणी काही विचारलं की सुलूचं बोट मात्र ‘होय’वरच जायचं. ब्लाउजचे गळे बघताना एका साइटनं विचारलं, सूचना पाठवू का? हिनं होय केलं. मी ओरडले तर म्हणते, “दारात आलेल्याला नको कसं म्हणायचं? पाणी तरी इचारतोच की.”

त्या पाहुण्यानं सगळं गाव गोळा करून आणलं. माप बघायला फोन उघडावा तर वर केसांचं तेल, गुडघ्याचा पट्टा, तुमच्या फोनात व्हायरस.

*

सुलूच्या पोरीला कवठ्याचं स्थळ आलं होतं. पक्कं होईतो बोलायचं नाही म्हणून ती गप्प होती. फक्त फोनात एकदा शालू बघितला. दुसऱ्या दिवशी फोन मंगल कार्यालयं दाखवायला लागला. नवं माप टाकायला आप्पांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, “कुणाचं लगीन काढलंय?”

पुढं ते मोडलं. फोनला कोण सांगणार? तो अजून नवरीचे चुडे दाखवतो. सुलू पदरानं काच पुसते आणि माप बघते.

*

मी आप्पांना गाठलं. म्हटलं, हे बंद करा. त्यांनी सेटिंग उघडली. इंग्रजीत पानंच्या पानं, शेवटी ‘मान्य’. ते कधीच दाबून झालेलं.

“तुम्ही वाचलं व्हतं का, आप्पा?”

“एवढं कोण वाचतंय? सगळेच दाबत्यात.”

मी चौथी शिकलेली बाई. रेशनच्या कागदावरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाही. इथं आम्हा तिघींच्या वतीनं आप्पांचं बोट.

*

परवा फोन उघडला तर मापांच्या वर पट्टी आली. छातीत गाठ लागते का? आजच तपासा. ती सारली, तर खाली तशीच दुसरी. मी सुलूकडं बघितलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग दोघींनी शमीमकडं बघितलं. तिचं मशीन थांबलं नाही.

सुलू चहा आणायला गेली तेव्हा मी शमीमजवळ सरकले.

“किती दिस झालं?”

“ईदच्या आधीपासनं.”

“घरी सांगितलंस?”

“न्हाई. ह्या फोनलाच इचारलं. एकदाच.”

“उद्या दौंडला दवाखान्यात जाऊ. मी येते संगं. चलतीस?”

तिनं दातानं दोरा तोडला. कॉलर उलटी करून बघितली.

“नंतर, अक्का.”