खुर्चीत बसलेले आजोबा

शेजारचे म्हातारे आमच्या घरी आले की उंबऱ्यावर बसायचे, आतल्या भिंतीकडे पाठ करून. चहासुद्धा बाहेर तोंड करूनच प्यायचे. मी काही विचारलं की म्हणायचे, "हुडक, हुडक. शिकलेला हाईस."

असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. सगळं ठाऊक, आणि सांगायची वेळ आली की दात कोरत बसणार. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सेनगावकडच्या आमच्या गावात माझ्या आजोबांसोबत मेंढरं वळलेला तेवढा एकच माणूस उरला होता.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. इतिहास घेऊन बी. ए. झालो, पहिल्या वर्गात, हे सांगायला मला लाज वाटत नाही. राजांच्या वंशावळी पाठ केल्या, पण स्वतःच्या आजोबांबद्दल घरात कुणाला धड सांगता येईना. वडील लहान असतानाच ते गेलेले. कागद म्हणावा तर एक नाही. होता तो भिंतीवरचा फोटो. अंगात कोट, डोक्याला फेटा, आणि बसायला वाघाच्या पंजासारख्या पायांची नक्षीदार खुर्ची.

मी त्या खुर्चीच्या मागे लागलो. मेंढपाळाच्या घरात असली खुर्ची, म्हणजे गावकीत काहीतरी मान असणार. कुरुंद्याला आत्याच्या माळ्यावर चढलो, तिथं मोडकी बाज आणि मधमाश्यांचं पोळं निघालं. नरसीच्या चुलत्यांनी मोठ्या कौतुकानं जुनी लाकडी पेटी उघडली, तर आत हळदीचं बेणं. आबांना विचारलं, तर म्हणाले, खुर्ची काय पाय लावून पळती? हुडक.

शेवटी खुर्चीचा नाद सोडला आणि आजोबांच्या पुण्यतिथीला चौकात फ्लेक्स लावला. फोटो मोठा केलेला, खाली ‘विनम्र अभिवादन’, त्याखाली माझं नाव, नावापुढं बी. ए. सकाळी आबा काठी टेकत आले. बराच वेळ बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं.

"जित्या माणसाला काहून मारून राहिला, पोरा?"

मला काही कळेना. त्यांनी काठीनं फ्लेक्सवरचा कान दाखवला. पाळी फाटलेली. मग मान वळवून स्वतःचा कान दाखवला.

तेव्हा कुठं बोलले. आजोबांचा फोटो कधी काढलाच नव्हता. वर्षश्राद्धाला आजी अडून बसली, हार घालायला तोंड तरी पाहिजे. आबा त्यांच्यासारखे दिसायचे, निदान लांबून. म्हणून त्यांनाच हिंगोलीला नेऊन बसवलं. कोट फोटोवाल्याचा. खुर्चीही त्याचीच. फेटा तेवढा आजोबांचा.

"मग फेटा कुठाय?"

"तुझ्या बापाच्या वाकळंत शिवला."

मी भडकलो. इतकी वर्षं मी लोकांचे माळे धुंडाळतोय आणि तुम्ही मजा बघता? आबा म्हणाले, आजीला शब्द दिला होता. आणि हार घातलेलं आपलंच तोंड बघायची त्यांना तरी कुठं हौस होती.

"ते दिसायचे कसे मग?"

"माझ्यासारखाच दिसायचा." मग म्हणाले, "पर हसताना मान खाली घालायचा त्यो. मी बी तसंच हसणार व्हतो. फोटूवाला हलू दीना."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. फ्लेक्स आबांनीच मागून नेला आणि शेळ्यांच्या छपरावर टाकला, तोंड खाली करून.

त्यानंतर मी रोज त्यांच्याकडं जाऊन बसू लागलो. आजोबा चालायचे कसे, चिडायचे कशावरून, आवाज कसा होता. आबा एकदा म्हणत बारीक, एकदा म्हणत जाड. मोबाइल रेकॉर्डिंगला लावला की खोकत बसायचे. तुम्हीच सांगा, असल्या माणसाकडून इतिहास काढायचा कसा?

यंदा उन्हाळ्यात आबा गेले. तेराव्याला ठेवायला त्यांच्या घरात फोटो निघेना. आधार कार्डावरचा तेवढा होता, त्यात डोळे मिटलेले. त्यांची सून आमच्या दारात आली आणि भिंतीकडं बघत उभी राहिली. मी फोटो उतरवला, काच पुसली आणि तिच्या हातात दिला.

पितृपक्षात आईनं नैवेद्याचं पान वाढलं आणि नेहमीच्या जागी, रिकाम्या खिळ्याखाली ठेवलं. मी वैतागून म्हणालो, अगं, फोटो नाही तिथं आता.

"मामंजी त्या फोटूत व्हते कव्हा?" आई म्हणाली, आणि पानाभोवती पाणी फिरवून तिनं हात जोडले.