ठोंबरे डॉक्टरांची फ्रेम

सायकलवाल्यांचे किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. ओटा झाडून ठेवला की मंडळी येऊन बसतात, चहा मागतात, आणि छत्री विसरावी तसे दोन किस्से मागं टाकून जातात. दारव्ह्यात आमचा ओटा रस्त्याला लागूनच, त्यामुळं माझ्याजवळ पोतंभर साठलेत. मला लिहिता येत नाही. मी बोलते, नात लिहिते. माझ्या 'मले'चं ती 'मला' करते, करू द्या. पण ओट्यावर जो जसा बोलला तसाच ठेव, असं तिला बजावलं आहे.

मंडळी तिघंच. माझा लेक सुधाकर, त्याचं बी-बियाण्याचं दुकान. शेजारचे वकील. आणि ठोंबरे डॉक्टर, दातांचे. सुधाकर बापावर गेलेला, दारातून जाताना मान लववतो. डॉक्टर जेमतेम माझ्या कानाला लागतात, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या सालची गोष्ट. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. दुकानात येऊन शिव्या देणारे पुष्कळ झाले, ते सुधाकरनं ऐकून घेतलं. पण नामदेवराव म्हणून जुने गिऱ्हाईक, ते आले, काउंटरवर एक बोंड ठेवलं, नखानं फोडलं आणि काही न बोलता निघून गेले. त्या न बोलण्यानं माझा लेक खचला.

"बियाणं कंपनीचं हाय, माय. पण पुडी तं म्याच देली ना," एवढंच म्हणाला. मग शटर अर्धं पाडून आत बसायला लागला. ताट वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर मागायचा नाही.

डॉक्टरांनी त्याला सायकलवर बसवलं. वकिलांचा पुतण्या पुण्याला शिकतो, त्याची सायकल घरी पडून होती, ती दिली. लहान होती, पाय मारताना सुधाकरचे गुडघे छातीला लागत. तरी तिघं सकाळी लोहाऱ्याच्या रस्त्यानं जाऊन यायला लागले. थोड्या दिवसांनी तो भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर खेकसला. त्या दिवशी मी शिरा केला.

फक्त पुतण्या उन्हाळ्यात येऊन सायकल नेणार होता. डॉक्टर म्हणाले, "काकू, चिंता करू नका. मी कार्बनची नवीन बनवून घेतोय, माझ्या मापाची. ती आली की माझी जुनी सुधाकरची."

तेव्हापासून डॉक्टरांची निवड हा आमच्या घरचा प्रश्न झाला. आणि डॉक्टरांना काही केल्या निवडता येईना.

* * *

बनवणारे दोन. एक इटलीचा, एक पुण्याचा. दोघंही नुसता सांगाडा देणार, त्याला फ्रेम म्हणतात.

"चाकं?" मी विचारलं.

"वेगळी."

"सीट?"

"वेगळी, काकू."

"मंग हे लोकं देते काय?"

इटलीवाला एकेक नळी जोडून बनवतो, अंगाला दणका बसत नाही. पुण्यावाल्याची ताठ, पायाचा सगळा जोर चाकात उतरतो. डॉक्टर सोमवारी इटलीचे असत, मंगळवारी पुण्याचे. बुधवारी दोन्हीत खोट निघे आणि गुरुवारी मला परत पहिल्यापासून ऐकावं लागे. दसरा गेला, दिवाळी गेली.

शेवटी मी म्हटलं, "डॉक्टर, मानसानं तोंड उघडलं का तुमी लगेच सांगता, दाढ काढा नाहीतर ठेवा. मंग हे काहून जमून नाही राह्यलं?"

डॉक्टरांनी बशीत चहा ओतला, फुंकला.

"ती दाढ दुसऱ्याची असते, काकू."

* * *

एकदा नागपूरच्या कुणा दोस्ताची फ्रेम पाहायला म्हणून घेऊन आले. काळी, गुळगुळीत, आत पोकळ. सुधाकरच्या दुकानात खताची पोती मोजायचा काटा आहे. डॉक्टरांनी ती त्याच्या हुकाला टांगली.

काटा हललाच नाही.

डॉक्टरांना इतका आनंद झाला की रस्त्यावरून जाणाऱ्यांना बोलावून दाखवलं. "पाहा काकू, वजनच नाही!"

मी म्हटलं, "मंग समजा घेतली, आन जा घरी."

* * *

इटलीवाला फोनवर दिसतो म्हणे. एका दुपारी ओट्यावरच फोन उभा केला, लोट्याला टेकवून. तो तिकडून इंग्रजीत विचारी, वकील आम्हाला मराठीत सांगत. डॉक्टर इंग्रजीत शिकलेले, पण इटलीवाला दिसला की ते फक्त "येस, येस" म्हणत.

त्यानं विचारलं, तुम्ही सायकल चालवता तो रस्ता कसा आहे? डॉक्टरांनी आमच्या रस्त्याची फिल्म काढून ठेवलीच होती, ती पाठवली. त्यानं ती पाहिली. परत पाहिली. मग हळूच काहीतरी बोलला.

"काय म्हनते?" मी विचारलं.

वकील म्हणाले, "म्हणतो, शेत दिसलं. आता रस्त्याचा व्हिडिओ पाठवा."

त्याच्या मागं एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती, त्याची आई असावी. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं, मग परत माझ्याकडं, आणि एक लांब श्वास सोडला. मला तिची भाषा येत नाही. पण तिच्याही ओट्यावर रोज सायकलवाले बसतात, हे मला कळलं.

* * *

कोण बनवणार ते ठरलं नाही, तर रंगाची चर्चा निघाली. डॉक्टरांना पिवळा हवा होता. कसला पिवळा, तर कपाशीच्या फुलाचा, पहिल्या दिवशी असतो तसा. वकील म्हणाले, मग दुसऱ्या दिवसाचा गुलाबी घ्या, तो जास्त उठून दिसेल. यावर दोघं किती वेळ भांडले असतील! माझं दूध उतू गेलं, मी शेगडी पुसली, परत दूध ठेवलं, तरी चाललंच होतं.

सुधाकर टायरमध्ये हवा भरत होता. वर न पाहता म्हणाला, "फुलाचा नका घेऊ, डॉक्टर. फूल दिसलं का मी आत अळी पाहाले जातो."

डॉक्टरांनी वकिलांकडं पाठ केली.

"पांढरा घेतो," डॉक्टर म्हणाले. तेवढी एक गोष्ट त्यांनी एका दमात ठरवली.

* * *

संक्रांत झाली तरी इटली-पुणे चालूच. पुतण्याचा फोन आला, परीक्षा झाली की येतो. सुधाकर त्या लहान सायकलीला रोज जास्तच पुसायला लागला.

मी डॉक्टरांना चहा बंद केला. वकिलांना दिला, सुधाकरला दिला, डॉक्टरांपुढं पाण्याचा पेला ठेवला. "निवडा, मंग चहा."

निवड झाली ती अशी. डॉक्टरांना फ्रेमवर स्वतःचं नाव हवं होतं, मराठीत, ठळक. दोघांनाही नाव लिहून पाठवलं. पुण्यावाल्यानं जसंच्या तसं काढून दाखवलं. इटलीवाल्यानंही सुंदर काढलं, सोनेरी. पण कागद उलटा धरून. वरची रेघ खाली आली आणि 'डॉ. ठोंबरे' तिच्यावर पाय वर करून उभे.

ताठ काय, मऊ काय, दणका काय, सगळं एका बाजूला राहिलं. पुणं ठरलं. मी साखर जास्त घालून चहा दिला.

* * *

मग माप. टांगेची उंची, हात, धड, खांदे. डॉक्टर म्हणाले, एक सूत इकडंतिकडं झालं तर सगळं वाया, आणि नाव टाकल्यावर फ्रेम परतही घेत नाहीत. वकील टेप घेऊन पुढं झाले, तर डॉक्टरांना गुदगुल्या व्हायला लागल्या. म्हणून समोरचे रहीमचाचा बोलावले. चाचा टेलर. सुधाकरची शाळेची चड्डी त्यांनी शिवली तेव्हापासून त्याच्या सगळ्या पॅन्टी त्यांच्याच हातच्या.

चाचा येताना माझ्याजवळ थांबले. "भाभी, डॉक्टरची जुनी सायकल सुधाभाऊले भेटनार म्हनते?"

"हो."

"आखूड पॅन्ट कुनाले देते का आपन?"

"नाही देत. पन नागड्यापेक्षा बरी."

चाचांनी मान हलवली, गळ्यातला टेप काढला आणि डॉक्टरांना भिंतीला उभं केलं. ते आकडे सांगत गेले, वकील लिहीत गेले. प्रत्येक आकड्याला डॉक्टर थोडे थोडे फुलत होते.

"टांगेची उंची परत सांगा, चाचा."

चाचांनी परत सांगितली.

डॉक्टर आमच्याकडं वळले. "ऐकलं का? मी कॉलेजपासून सांगतोय, माझे पाय लांब आहेत."

पुण्यावाल्यानं नकाशा काढून पाठवला, नीट पाहून होकार कळवा म्हणून. डॉक्टरांनी नावाचं अक्षर नीट पाहिलं आणि होकार कळवला.

* * *

पुतण्या आला, सायकल घेऊन गेला. फ्रेम यायची होती. सुधाकर दोन-चार दिवस सवयीनं सकाळी उठून ओट्यावर बसला, मग उठेनासा झाला. दुकानाचं शटर परत अर्ध्यावर आलं. डॉक्टर स्वतःची जुनी द्यायला आले, तर म्हणाला, "तुमी कशावर बसान? येऊ द्या नवीन." मी ताट वाढत होते, आणि मीठ मुद्दाम कमी घालत होते. तो तसंच खाऊन उठत होता.

खोकं आलं. यवतमाळच्या मिस्त्रीनं चाकं बसवली, सीट लावली. पांढरीशुभ्र, वरच्या नळीवर ठळक 'डॉ. ठोंबरे'. डॉक्टर तिच्यावर चढले. म्हणजे चढायला गेले. एक पाय ओट्यावर होता म्हणून वाचले. सीट खाली केली, अजून खाली केली, खाली जायला जागा उरली नाही. डॉक्टरांचा पाय पायडलापर्यंत पोचायचा आणि तिथून मागं राहायचा.

कुणी हसलं नाही. वकील गाल चावत होते.

"सुधाकर," डॉक्टर शेवटी म्हणाले, "तू बस रे जरा."

सुधाकर बसला. त्याचे पाय सरळ खाली गेले, हात जिथं जायचे तिथं गेले, पाठ बापासारखी लांब झाली. लाडक्या पोराला कपडे करून आणावेत तशी ती त्याला बसली.

आम्ही सगळ्यांनी समोर पाहिलं. रहीमचाचा दुकानाच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "माप तं बरोबरच घेतलं होतं मी," आणि आत जाऊन मशीन सुरू केली.

डॉक्टर त्यांच्या जुन्या सायकलीवर खूश आहेत. पुण्यावाल्याला माप कळत नाही, असं ते सगळ्यांना सांगतात.

* * *

हा शेवटचा किस्सा मी पाहिलेला नाही, वकिलांनी सांगितला. ते आणि सुधाकर दोघंच गेले होते, डॉक्टरांचा दवाखाना होता. उन्हं वर आली तशी पाणी प्यायला एका निंबाखाली थांबले. तिथं खाटेवर एक माणूस गालाला फडकं बांधून बसला होता. तो उठून जवळ आला, सायकलवरचं नाव बोट फिरवत वाचलं, मग नजर वर केली.

नामदेवराव होते.

वकील म्हणतात, त्यांना वाटलं सुधाकर आता सायकल वळवतो. सुधाकरनं हँडल धरलंही होतं.

नामदेवराव म्हणाले, "डॉक्टर कधी झाले, भाऊ?"

सुधाकरनं त्या नावावर हात ठेवला.

"मागं बोंड फोडून दाखवलं होतं तुमाले," नामदेवराव फडकं सोडत म्हणाले. "आता दाढ दाखवू का?"

सुधाकरनं सायकल निंबाला टेकवली, हात पॅन्टला पुसले आणि पुढं झाला.

"या इकडे, उजेडात," तो म्हणाला. "आ करा."